मधले अडीच इंच

४ सप्टेंबर

अहो वन्सं,

तुमचं पार्सल पोचलं. पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, "बाई, यात लोखंड आहे का?" मी म्हटलं, "नाही, नणंदेची माया आहे." त्यानं सही घेतली आणि घाईनं गेला.

सत्तराव्या वाढदिवसाला लोक आपल्या भावाला स्वेटर देतात, घड्याळ देतात. तुम्ही मोटरसायकलचे हायवे पेग पाठवलेत. हे काय असतं तेच मला आधी कळेना. डबा उघडला तर दोन जाडजूड रबरी दांडे आणि चार नटबोल्ट. मला वाटलं, व्यायामाचं सामान आहे. तुम्ही जन्मभर शाळेत खेळ शिकवलात, तुमचा भरवसा नाही. मग ह्यांनी समजावलं, की हे गाडीच्या पुढच्या लेगगार्डवर बसवायचे असतात. लांब सरळ रस्ता लागला, की नेहमीच्या जागेवरचे पाय उचलून ह्यांच्यावर ठेवायचे आणि आरामखुर्चीत बसल्यासारखं पुढे जायचं. म्हणजे घरात खुर्चीतून न उठणाऱ्या माणसाला आता रस्त्यावरही खुर्ची.

गुडघा आखडतो असं ह्यांनी तुम्हाला कळवलं म्हणून तुम्ही हे केलंत, हे मला मान्य आहे. हेतू चांगला. माप मात्र कोणाचं घेतलंत? काल मेकॅनिकनं पेग बसवून दिले. हे ऐटीत निघाले, कोपऱ्यावरच्या पेट्रोलपंपापर्यंत गेले आणि परत आले. चेहरा बघण्यासारखा होता. "कसं वाटलं?" म्हटलं, तर म्हणाले, "छान." मला चाळीस वर्षांत ह्यांची तीन प्रकारची "छान" कळायला लागलीयेत. हे तिसऱ्या प्रकारचं होतं. म्हणजे अजिबात छान नाही. पाय पुढे टाकले, की अंग घसरतं, हात हँडलला ताणले जातात, आणि उतरताना गाडीवरून पडलेल्या पोत्यासारखे उतरतात.

पेग फार लांब बसतायत. जिराफासाठी घेतल्यासारखे. तुम्ही दुकानदाराला उंची किती सांगितलीत?

तुम्हाला फोन केला असता. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येतं ते पटत नाही. पत्रात निदान मला वाक्य पुरं करता येतं.

तुमची भावजय


११ सप्टेंबर

प्रिय कॉन्व्हेंट,

पाच फूट अकरा.

दुकानदारानं पहिलाच प्रश्न विचारला, "चालवणाऱ्याची उंची?" आणि मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, पाच फूट अकरा. त्यात विचार काय करायचा? आमच्या घरात सगळे त्याला लंबू म्हणायचे ते काय उगीच? नोकरीला लागताना त्याचं माप घेतलं तेव्हा मी बाहेर बाकड्यावर बसले होते. मापं घेणारा माणूस खुर्चीवर चढला होता, दारातून दिसत होतं. त्याच्या विम्याच्या जुन्या अर्जावर तेच लिहिलंय. जाऊन बघ. चष्मा लावून बघ.

तुझ्या हाती आल्यावर तो कमी झाला असेल तर मला माहीत नाही. माणसं दबून राहिली, की कमी होतात असं मी ऐकलंय.

आणि "पोत्यासारखे उतरतात" हे काय लिहिणं झालं? सत्तर वर्षांचा माणूस आहे तो. तू काय टुणकन उडी मारतेस का? पेग लांब वाटतात कारण त्याला सवय नाही. चार दिवस वापरू दे. तुला सुरुवातीपासून ती गाडी डोळ्यांत खुपते हे मला ठाऊक आहे. गाडी घेतली तेव्हा तूच मला लिहिलं होतंस, की एवढ्या पैशात स्वयंपाकघराच्या फरश्या झाल्या असत्या. भेटवस्तूला नावं ठेवून गाडीच घराबाहेर काढायचा बेत असेल तर तो बेत मोठ्या नणंदेनं ओळखलाय असं समज.

त्याला सांग, ताई म्हणाली, पाठ मागे टाकून आरामात बस.

तुझी वन्सं


१९ सप्टेंबर

अहो वन्सं,

विम्याच्या अर्जावर बघितलं. चष्मा लावून बघितलं. पाच फूट अकरा लिहिलंय खरं. पण त्या अर्जावर उंची आपण स्वतःच लिहितो. माझ्या अर्जावर माझं वजन काय लिहिलंय ते मी तुम्हाला सांगणार नाही, पण ते वाचून कोणीही खानावळ काढून मला रोज जेवायला बोलवेल.

तेव्हा मी पुरावा गोळा केला. अपघाताच्या विम्याचे दावे तपासण्यात माझी उभी नोकरी गेली, हे तुम्ही विसरलेल्या दिसता. गळ्यात पट्टा घालून आलेला माणूस जिना उतरताना पट्टा विसरून मान वळवून शिपायाला हाक मारतो, हे मी खिडकीतून पकडलेलं आहे. मला कोणी आकड्यांत गुंडाळू शकत नाही.

ह्यांना स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं. चपला काढायला लावल्या. डोक्यावर जाड शब्दकोश आडवा धरला आणि पेन्सिलनं खूण केली.

"हे काय चाललंय?" म्हणाले.

"तुमच्या बहिणीला उत्तर द्यायचंय. ताठ उभे राहा."

"ताठच आहे."

"याला ताठ म्हणतात? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पट्टी घेऊन मागे उभ्या असायच्या. तुमच्यासारखं उभं राहिलं असतं, तर पाठीवर ओळी उठल्या असत्या."

दोनदा मोजलं. पाच फूट साडेआठ. वर पेन्सिलीच्या टोकाइतकं काही असेल, तर ते मी तुमच्या माहेराला भेट म्हणून देते. तुमच्याकडचा फूट बहुधा वेगळ्या कारखान्यातला असावा. आणि तो माप घेणारा माणूस खुर्चीवर चढला याचं कारण तो स्वतः बुटका होता, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही?

आता गाडीविषयी. ती मला खुपते हे खरं आहे. जूनमध्ये ह्यांनी एक स्पीडब्रेकर न बघता गाडी अशी उडवली, की मागच्या सीटवर माझी कंबर मोडायची तेवढी बाकी राहिली. पण मी ती घराबाहेर काढायला निघाले आहे हा तुमचा शोध चुकीचा आहे. ती घराबाहेर जाण्याची लक्षणं आपोआप दिसतायत. समोर राहणारा दातवाला डॉक्टर रोज संध्याकाळी कुंपणापाशी येऊन गाडीकडे बघत उभा राहतो. लोकांच्या दाढा उपटून मन भरलं नाही म्हणून आता आमच्या अंगणातून काहीतरी उपटायचंय. परवा म्हणाला, "काका, कधी द्यायचा विचार झाला तर आधी मला." एरवी ह्यांनी त्याला दोन शब्द सुनावले असते. ह्या वेळी नुसते हसले.

गेले दोन गुरुवार आम्ही धरणावर गेलो नाही. तुमच्या माहितीसाठी सांगते, दर गुरुवारी आम्ही धरणाच्या भिंतीपर्यंत जातो आणि परत येतो. मला त्याचं काही विशेष नाही. हवा लागते, केस विस्कटतात, एवढंच. पण पाणीपुरवठा खात्यातनं निवृत्त झालेल्या माणसाला पाणी बघायला मिळालं नाही, की तो खुर्चीत बसून भिंत बघतो. दोन गुरुवार भिंत बघतायत.

तेव्हा छोट्या मापाचे पेग बदलून पाठवा. साडेआठ सांगा. उगाच अभिमान मध्ये आणू नका.

तुमची भावजय


२७ सप्टेंबर

प्रिय कॉन्व्हेंट,

शब्दकोशानं माणसाची उंची मोजणारी बाई मी पहिल्यांदा बघितली. हजारो पोरं मी दर वर्षी भिंतीला लावून मोजली आहेत. मला नको शिकवूस.

तुझ्या समाधानासाठी मी परत त्या दुकानात गेले. म्हटलं, माझी भावजय म्हणते, की माझा भाऊ बुटका आहे. दुकानदार भला माणूस. तो म्हणाला, मावशी, उंची आम्ही आपली सोय म्हणून विचारतो, पेगला उंचीशी काही देणंघेणं नसतं. दोन माणसं एकाच उंचीची असतात, एकाचे पाय लांब, दुसऱ्याचं धड लांब. पेग फक्त पायांना ओळखतो. म्हणून पायाचं आतलं माप घ्यायचं, जांघेपासून खाली टाचेपर्यंत, अनवाणी. पेगवर पाय टेकला, की गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय काठीसारखा सरळ झाला तर पेग लांब. गुडघा पोटाकडे आला तर जवळ. आणि तिथनं ब्रेकवर पाय पटकन आला पाहिजे.

पाच अकराच्या माणसाला म्हणून मी जे घेतले ते साधारण तेहतीस इंच पायाला बसतात, असं त्यानं सांगितलं. तेव्हा आता शब्दकोश ठेव कपाटात, आणि शिवणाची टेप घे. तेहतीसच्या खाली निघालं तर मी बदलून देते आणि वर तुझी माफी मागते. ह्या वयात मला तेही करून बघायचंय.

गुरुवारचं काही विशेष नाही म्हणतेस, आणि त्यावर सबंध परिच्छेद लिहितेस. असो.

तुझी वन्सं


२९ सप्टेंबर

ताई,

तुम्ही दोघी माझ्या उंचीवर पत्रव्यवहार करताय हे मला पोस्टमननं सांगितलं. तोही आता माझ्याकडे खालून वर बघतो.

पेग चांगले आहेत. तुझं काही चुकलेलं नाही. गुडघा म्हणजे गुडघाच आहे, वयाप्रमाणे चालायचंच.

तुला एकटीला सांगतो. गाडी समोरच्या डॉक्टरला द्यावी असं मनात आहे. तरुण आहे, नीट ठेवेल. हिला इतक्यात सांगू नकोस. ती तोंडानं "सुटले" म्हणेल आणि मग गुरुवारी दुपारपासून कपाटं आवरायला काढेल. कारण विचारू नकोस. वाढदिवसाला येऊ शकली नाहीस ते बरंच झालं, तू आलीस की मला उगाच सरळ बसावं लागतं.

लंबू


५ ऑक्टोबर

अहो वन्सं,

मोजलं.

पुन्हा चौकटीला उभं केलं. पायांचं माप घ्यायचं म्हटल्यावर हे लाजले. एवढ्या वर्षांनी! "शिंपी आहेस का?" म्हणाले. "नाही, तुमच्या बहिणीची नोकर आहे," म्हटलं. शिवणाची टेप, अनवाणी, तुम्ही सांगितलंत तसं, आतल्या बाजूनं टाचेपर्यंत.

तेहतीस. सव्वातेहतीस म्हटलं तरी चालेल.

घ्या. नाचा.

मी खोटं लिहिणारी बाई नाही म्हणून आकडा जसाच्या तसा लिहिते आहे. नाहीतर तो बत्तीस करायला मला कोणाची परवानगी लागली नसती. शिवाय गाडी उभी करून ह्यांना बसवलं आणि पाय पेगवर ठेवायला लावले. गुडघा थोडा वाकलेला. अगदी दुकानदाराच्या पुस्तकातल्यासारखा. ब्रेकवर पाय पटकन येतो. म्हणजे पेग बरोबर, पाय बरोबर, आणि तरीही हे दोन मिनिटांत "पुरे" म्हणून उतरतात. उतरताना दोन्ही हातांनी टाकी धरतात. "गुडघा दुखतो का?" म्हटलं, "हो." कुठला? तर आधी उजवा म्हणाले आणि मग चालताना डावा पाय सांभाळत गेले. माझ्या खिडकीसमोरून असे किती गेले!

तर निकाल असा. पायांनी हे तुमचे भाऊ आहेत, पाच फूट अकरा. वरून मोजलं तर माझे नवरे आहेत, पाच फूट साडेआठ. तुमच्या माहेरी पाय चांगले घडवत असतील, वरच्या मजल्याचं काम तेवढं घाईत उरकलेलं दिसतं. हा वाद मी इथे मिटवते. दोघीही बरोबर. बक्षीस वाटून घेऊ.

दातवाला आज टायरला लाथ मारून बघत होता. हे आतून बघत होते.

तुमची भावजय


९ ऑक्टोबर

कॉन्व्हेंट,

थट्टा पुरे. हे पत्र मी स्पीडपोस्टानं पाठवतेय.

पाय अजून पाच अकराच्या माणसाचेच आहेत. मी त्याला पाच अकरा मोजलेलं ऐकलंय आणि तू त्याला साडेआठ मोजलंयस. दोघी बरोबर असू तर मधले अडीच इंच गेले कुठे?

म्हातारपणी माणूस थोडा आखडतो हे मला कळतं. अडीच इंच नाही. आणि पाय तेवढेच राहून नाही. पायांतून गेले नाहीत म्हणजे पाठीतून गेलेत.

त्याचे जुने शर्ट बघ. पुढून लांब पडतात का? आणि गुडघ्याचं सोड, पाठीवर हात फिरवून बघ. मग ताबडतोब हाडांच्या डॉक्टरकडे ने. तो नाही म्हणेल. तू तुझ्या त्या दाव्यांच्या आवाजात बोल.

वन्सं


२४ ऑक्टोबर

अहो वन्सं,

उत्तराला उशीर झाला. तीन तपासण्या, दोन डॉक्टर आणि एक मशीन, ज्यात माणसाला पावासारखं आत सरकवतात.

शर्ट पुढून लांब पडत होते. मी सबंध उन्हाळा धोब्याशी भांडले, की कापड ओढून इस्त्री करतो. धोबी बिचारा म्हणत होता, "बाई, कापड ओढलं तर रुंद होतं, लांब कसं होईल?" मी त्यालाही खोटं पाडलं.

पाठीवर हात फिरवला. मधोमध एका जागी हे दचकले. एरवी माझ्या हातानं दचकत नाहीत, माझ्या तोंडानं दचकतात.

दोन मणके दबलेत. हाडं आतून ठिसूळ झालीत, आणि हे काही आजचं नाही, म्हणाले डॉक्टर. हा आजार बायकांचा समजून मी स्वतः दहा वर्षं गोळ्या खाते आहे. शेजारी बसलेल्या पुरुषालाही हाडं असतात हे माझ्या ध्यानात आलं नाही. एक मणका हळूहळू कधीतरी दबला असावा. दुसरा एकदम. डॉक्टरांनी विचारलं, "अलीकडे पडलात? मोठा धक्का बसला?"

हे म्हणाले, "नाही."

मी म्हटलं, "जूनमधला स्पीडब्रेकर."

हे शर्टाची बटणं लावायला लागले.

वन्सं, त्या दिवशी मी मागे बसले होते. गाडी आपटली, आणि मी भर रस्त्यात ओरडले, "माझी कंबर मोडली असती!" मोडली होती ती ह्यांची. आवाज न करता. तिथून घरापर्यंत गाडी चालवत आणली, मला दारात उतरवलं, गाडी नीट लावली, आणि आत येऊन खुर्चीत बसले ते बसलेच. मी वर चहा करायला सांगितला. केला. उभं राहून केला.

परतताना टॅक्सीत विचारलं, "सांगितलं का नाही?"

"तू म्हणाली होतीस, पुन्हा असं झालं तर मी तुमच्या मागे बसणार नाही."

"मी रागात शंभर गोष्टी म्हणते."

"त्यातली कुठली खरी ते मला कुठे कळतं?" म्हणाले. "म्हणून ठरवलं, की काही झालेलं नाही. गुडघा म्हटलं. गुडघा म्हटलं, की कोणी फार विचारत नाही."

बघा, कसा दावा आहे! उलटा. माझ्या सबंध नोकरीत खोटी दुखणी घेऊन माणसं आली. खरं दुखणं लपवणारा माझ्याच घरात चार महिने बसला होता, आणि मी रोज त्याला "ताठ बसा" म्हणत होते. दिवसातून किती वेळा ते विचारू नका.

आणि तुमचे पेग. पाय पुढे टाकले, की बसण्याचा सगळा भार पाठीच्या तळाशी येतो. सरळ पाठीच्या माणसाला तो आराम. ह्यांना ते म्हणजे दुखऱ्या जागेवर मुद्दाम कोणीतरी बसवल्यासारखं. पेग लांब नव्हते, आखूड नव्हते. पेगनं फक्त चहाडी केली.

आता पाठीला पट्टा आहे, एक इंजेक्शन आहे, आणि गाडी सहा महिने बंद. पुढचं पुढे बघू, म्हणाले डॉक्टर. मी "पुढे बघू" म्हणजे काय ते विचारलं. ते म्हणाले, "म्हणजे पुढे बघू." महाग डॉक्टर आहेत.

तुम्ही ते पत्र पाठवलं नसतं तर मी अजून धोब्याशी भांडत असते. याबद्दल मी तुमचे आभार मानले असं एकदा वाचून घ्या, आणि चारचौघांत सांगत सुटू नका. आणि एक. तुम्ही ह्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या आहात. जन्मभर दुसऱ्यांची पोरं भिंतीला लावून मोजलीत, आता स्वतः लागा भिंतीला. आकडा कळवा. खरा.

तुमची भावजय


१ नोव्हेंबर

प्रिय कॉन्व्हेंट,

पत्र दोनदा वाचलं.

त्याला लहानपणापासून ही खोड आहे. झाडावरून पडला तर घरी येऊन आधी हात धुवायचा, जेवायला बसायचा, आणि घास डाव्या हातानं उचलला की आईला कळायचं. तुला कळलं नाही याचा जीव जाळून घेऊ नकोस. आईला निदान डावा हात दिसत होता.

मला मोजलं. पाऊण इंच गेलाय. डॉक्टर म्हणाली, माझ्या वयाला ठीक. तुला काय वाटतं ते कळवू नकोस.

आता माझं नीट ऐक. त्यानं मला सप्टेंबरमध्येच लिहिलं होतं, की गाडी समोरच्या डॉक्टरला द्यायची आहे आणि तुला सांगू नको. मी सांगितलं नाही, कारण मला वाटलं, तूच त्याला कंटाळा आणलायस. आता सांगते. आणि पुढे हेही सांगते, की देऊ दे. माझा एकच भाऊ आहे. काचेची पाठ घेऊन त्यानं दोन चाकांवर बसायचं नाही. पेग मी पाठवले, ते मला आता झोपू देत नाहीत. तू आडवी येऊ नकोस. फरश्या घाल स्वयंपाकघरात, तुझी इच्छा होतीच. मोठी म्हणून सांगते आहे, ऐक.

तुझी वन्सं


१२ नोव्हेंबर

अहो वन्सं,

नाही ऐकलं.

सप्टेंबरमध्ये तुम्ही मला गाडी विकायला निघालेली कैकेयी ठरवलंत. नोव्हेंबरमध्ये मी ती विकत नाही म्हणून पुन्हा दोषी मीच. तुमच्या दरबारात माझी बाजू कधी लागायची ते एकदा कळवा, म्हणजे त्या महिन्यात मी भांडण काढीन.

काय झालं ते सांगते, मग रागवा.

शनिवारी संध्याकाळी दातवाला आला. हातात नवं कोरं हेल्मेट. ह्यांनीच बोलावलं होतं, माझ्या पाठीमागे. मी दाराशी उभी होते. हे पायरीवर, पट्टा बांधून, शाळेतल्या मुलासारखे ताठ. आता सक्तीनं ताठ.

दातवाला गाडीवर बसला. उंच आहे मेला, सहा फूट तरी. गाडी स्टँडवर होती. त्यानं पाय उचलले आणि तुमच्या पेगवर ठेवले. गुडघा थोडा वाकलेला, पाठ मागे, हात सैल. काय सांगू, माप घेऊन शिवल्यासारखा बसला. "वा काका," म्हणाला, "हे तर माझ्यासाठीच केलेत!"

हे म्हणाले, "किल्ली आण गं."

मी हलले नाही. म्हटलं, "तुम्हाला गाडी विकायची आहे?"

"मला चालवता येणार नाही."

"ते मी विचारलं नाही."

"सहा महिने म्हणालेत. पुढचं काही नक्की नाही."

"तेही विचारलं नाही. विकायची आहे का? हो किंवा नाही. अर्जात मधला रकाना नसतो."

दातवाला गाडीवर तसाच, पाय पुढे टाकून, एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे. बिचाऱ्याला रोज लोकांची तोंडं उघडी मिळतात, इथे एक उघडत नव्हतं.

शेवटी हे म्हणाले, "दारात ठेवून काय करू? रोज बघत बसू?"

"बसा. इतके दिवस भिंत बघत होतात, तिच्यापेक्षा गाडी दिसायला बरी आहे."

"आणि तू? तुला तर नकोच होती ती."

आता वन्सं, हे तुम्हाला लिहायचं नव्हतं, पण तुम्हाला कोणीतरी सांगितल्याशिवाय तुम्ही मला "विकून टाक" म्हणत राहणार. हा माणूस घरात दिवसाला दहा वाक्यं बोलतो, त्यातली चार जेवणाबद्दल. गाडीवर बसला, की बोलतो. कुठल्या गावाला पाणी कुठून जातं, कुठली पाइपलाइन त्यानं टाकली, कोणत्या साहेबानं कशी बिघडवली, लग्नाआधी मी त्याला कशी वाटले होते. वाऱ्यात अर्धं ऐकू येत नाही. मी मागून "हो, हो" म्हणते. दर गुरुवारी. हे मी त्या दातवाल्यासमोर कसं सांगणार?

म्हणून मी म्हटलं, "मला नकोच आहे. पण मला नको असलेल्या वस्तू मी घरातून काढायला लागले, तर तुमचा नंबर आधी लागेल."

आणि दातवाल्याला सांगितलं, "डॉक्टर, गाडीत काही बिघाड नाही. चालवणारा दुरुस्तीला गेलाय. तो परत येईपर्यंत गाडी विकायची आमच्याकडे पद्धत नाही. मात्र हे पेग तुम्हाला छान बसतात. ते घेऊन जा."

"पण माझ्याकडे मोटरसायकल नाही, मावशी."

"पेग आहेत ना, सुरुवात झाली."

मेकॅनिक ठेवून गेलेला पाना ह्यांनी दाखवला, बोल्ट मी सोडवले. एक घट्ट बसला होता. तो दातवाल्यानं सोडवला, सवयीनं. पेग बगलेत धरून तो फाटकापर्यंत गेला, परत वळून बघितलं, आणि गेला. तेव्हा तुमची भेट आता समोरच्या घरात आहे. तुम्ही जो सरळ पाठीचा पाच फूट अकराचा माणूस डोळ्यांसमोर ठेवून ते पेग घेतलेत, तो मलाही आठवतो. मला तो तुमच्याहून थोडा उशिरा भेटला, पण भेटला होता. आता जो आहे त्याला सरळ बसायचं आहे, पाय जागच्या जागी ठेवून. पुढे टाकायचे नाहीत.

मी गाडीवर कापड घातलं. हे एका बाजूनं ओढत होते, मी दुसऱ्या.

"आणि सहा महिन्यांनी डॉक्टर नाही म्हणाले तर?" म्हणाले.

"तर विकू."

"कोणाला? ह्याला तर तू हाकललंस."

"तो उद्या परत कुंपणाशी येईल. रोज विचारेल, आणि मी रोज नाही म्हणेन. निवृत्त बाईला काहीतरी काम लागतंच. दावे नाकारणं मला जमतं."

ह्यांना हसू आलं. पट्ट्यात नीट हसता येत नाही, वन्सं. माणूस मधूनच अडतो. ह्यांनी एका हातानं गाडी धरली, दुसऱ्या हातानं माझा खांदा, आणि म्हणाले, "हसवू नकोस गं. दुखतं."

मी काही विचारलं नव्हतं. आपणहून म्हणाले.

तुमची भावजय